बाण सोडायच्या आधी काय काय बघायचं: डी अँड डी मधल्या रेंज्ड (लांबून मारायच्या) हल्ल्यांचे नियम

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी, ह्या डाइस टाकून टेबलावर खेळायच्या कथेच्या खेळात तलवारवाल्याचं सोपं असतं. शेजारच्या चौकोनात गेला, डाइस टाकला, लागलं तर लागलं. धनुष्यवाल्याची टर्न आली की मात्र टेबलावर चार जण एकदम बोलायला लागतात, किती लांब आहे, मध्ये कोण उभंय, तो आडवा पडलाय ना, अंधार आहे ना, अरे तुझ्या बाजूलाच लांडगा आहे की. ठाणे-नवी मुंबईतल्या आमच्यासारख्या ग्रुपला हे परवडत नाही हो, कोणी घोडबंदर रोडवरून येतं कोणी खारघरहून, रविवारी ट्रान्सहार्बरला ब्लॉक असला की निम्मे लोक उशिरा, मग कोपरखैरण्यातल्या कोणाच्या तरी हॉलमध्ये जो काही वेळ मिळतो त्यातला मोठा तुकडा एका बाणाच्या वादात गेला तर बाकीच्यांनी करायचं काय. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. खेळाडूंसाठी पण आणि डीएमसाठी (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) पण, पण डीएमसाठी जास्त.

मी पाचव्या एडिशनबद्दल बोलतोय, म्हणजे २०१४ चे नियम, आणि २०२४ च्या सुधारलेल्या पुस्तकात जिथे फरक पडलाय तिथे तसं सांगत जाईन. तुमच्या टेबलावर दोन्हीपैकी कोणतं चालतं ते आधी एकदा ठरवून टाका, कारण अर्धे वाद तिथूनच सुरू होतात, एकाने जुनं वाचलेलं असतं आणि दुसऱ्याने नवीन, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. पुस्तक महाग पडतं म्हणून थांबलेल्यांना सांगतो, ५.१ चा सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट आहे, लढाईचे मुख्य नियम त्यात सगळे आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की डाइस हातात घ्यायच्या आधी पाच प्रश्न, आणि दर वेळी त्याच क्रमाने. तो दिसतोय का. किती लांब आहे. माझ्या अंगाला कोण खेटलंय. मध्ये काय आहे. आणि नेमकं कशाने मारतोय. पहिल्या तिघांचं उत्तर अॅडव्हान्टेज (वीस बाजूंचा डाइस दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा) किंवा डिसअॅडव्हान्टेज (दोनदा टाकून लहान घ्यायचा) असं निघतं, चौथ्याचं उत्तर समोरच्याच्या एसी मध्ये (आर्मर क्लास, हल्ला लागायला गाठावा लागतो तो आकडा) जातं, पाचव्यात तुमचा बोनस (डाइसच्या आकड्यात मिळवायचा) ठरतो. हे तीन कप्पे वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ तिथेच संपतो, कारण लोक कव्हरसाठी (आडोशासाठी) डिसअॅडव्हान्टेज देतात, लांब आहे म्हणून मनानेच उणे दोन देतात, आणि मग कोणालाच कळत नाही की आकडा आला कुठून.

आधी अंतर, कारण ते सगळ्यात सोपं

शस्त्राच्या पुढे दोन आकडे असतात, लाँगबोला १५०/६००, शॉर्टबो आणि लाइट क्रॉसबोला ८०/३२०, हेवी क्रॉसबोला १००/४००, हँड क्रॉसबोला ३०/१२०, फेकायच्या भाल्याला म्हणजे जॅव्हलिनला ३०/१२०, डॅगरला २०/६०. पहिल्या आकड्यापर्यंत साधा रोल. पहिल्याच्या पुढे दुसऱ्यापर्यंत डिसअॅडव्हान्टेज. दुसऱ्याच्या पुढे मारताच येत नाही, नॅचरल वीस (डाइसवरच वीस) पडेल म्हणून टाकून बघतो असं पण नाही, हल्लाच होत नाही.

फुटांचा अंदाज आपल्याला पटकन येत नाही म्हणून मी लोकलचे डबे धरतो. एक डबा साधारण वीस मीटर, म्हणजे पासष्ट फुटांच्या आसपास. लाँगबोचा साधा पल्ला म्हणजे सव्वादोन डबे, आणि लांबचा पल्ला तब्बल नऊ डबे, बारा डब्यांच्या गाडीत पहिल्या डब्यापाशी उभं राहून नवव्या डब्याच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला मारायचं, मग डिसअॅडव्हान्टेज का ते कोणाला समजवावं लागत नाही. हँड क्रॉसबो अर्धा डबा. शॉर्टबो सव्वा डबा, लांबचा पल्ला पाच डबे. नवीन खेळाडूला एकदा हे सांगितलं की नंतर तो स्वतःच म्हणतो की नाही बाबा, तिथपर्यंत नको.

स्पेलला (जादूच्या मंत्राला) मात्र दोन आकडे नसतात. फायर बोल्ट १२० फूट, रे ऑफ फ्रॉस्ट ६० फूट, त्याच्या आत असेल तर साधा रोल आणि बाहेर असेल तर नाहीच.

उंचीचा प्रश्न येतोच, बुरुजावरचा पहारेकरी, उडणारा ड्रॅगन. ग्रिडवर (चौकोन आखलेल्या मॅपवर) तिरका चौकोन पण पाचच फूट धरत असाल (पुस्तकातली साधी पद्धत तीच आहे) तर उंचीला पण तेच लावा, आडवं अंतर आणि उंची यातला मोठा आकडा घ्या आणि पुढे चला. चाळीस फूट लांब आणि तीस फूट वर असेल तर खरं अंतर पन्नास येतं हे मला माहितीये, शाळेत सगळ्यांनीच केलंय, पण जमिनीवर तिरकं फुकट आणि हवेत मात्र वर्गमूळ हे विसंगत आहे. एकच पद्धत ठेवा.

दिसतोय का

ह्या प्रश्नावर लोक सगळ्यात कमी विचार करतात आणि खरं तर लांबून मारणाऱ्याचं सगळ्यात जास्त नशीब इथेच ठरतं. नियम दोन वाक्यांचा आहे. ज्याला तुम्ही बघू शकत नाही त्याच्यावर मारताना डिसअॅडव्हान्टेज, जो तुम्हाला बघू शकत नाही त्याच्यावर मारताना अॅडव्हान्टेज. बस. पण हे दोन्ही वेगवेगळे तपासायचे असतात.

रात्रीचं उदाहरण घ्या. डार्कव्हिजन (अंधारात बघायची क्षमता) ज्यांना असतं त्यातल्या बहुतेकांना ६० फुटांचं असतं, आणि लाँगबो जातो १५० पर्यंत साधा. म्हणजे डार्कव्हिजन असलेला एल्फ पण मिट्ट काळोखात साठ फुटांच्या पुढचं बघू शकत नाही, त्याचा बाण पल्ल्यात आहे पण नजर पल्ल्यात नाही, तर डिसअॅडव्हान्टेज. याउलट समोरच्याच्या हातात मशाल असेल तर तो स्वतःच उजेडात आहे, मशाल वीस फूट लख्ख आणि पुढचे वीस फूट अंधुक उजेड देते, तुम्ही दोन डबे लांब अंधारात उभे असाल तरी तो तुम्हाला स्वच्छ दिसतो आणि त्याला तुम्ही दिसत नाही. तेव्हा तुम्हाला अॅडव्हान्टेज. अंधुक उजेडाचा हल्ल्यावर काही परिणाम नाही हे पण लक्षात ठेवा, तो फक्त बघून ओळखायच्या चेकवर असतो, बरेच डीएम सवयीने तिथे पण डिसअॅडव्हान्टेज देतात.

दाट धुकं पडलं की प्रकार उलटा होतो आणि इथे लोक हमखास भांडतात. फॉग क्लाउडमध्ये (धुकं पाडणारा स्पेल) दोघंही एकमेकांना बघू शकत नाहीत, मग एकाच वेळी डिसअॅडव्हान्टेज पण आणि अॅडव्हान्टेज पण, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि राहतो साधा रोल. आणि पुढची गोष्ट नीट वाचा: अशी कितीही डिसअॅडव्हान्टेज जमली तरी एक अॅडव्हान्टेज सगळ्यांना खातं. म्हणजे धुकं आहे, शिवाय लांबचा पल्ला आहे, शिवाय बाजूला शत्रू खेटलाय, तरी नियमाप्रमाणे साधाच रोल. मोजायचं नसतंच, फक्त आहे की नाही एवढं बघायचं. हे विचित्र वाटतं हे मान्य, म्हणून मी टेबलावर एक गोष्ट काटेकोर पाळतो जी पुस्तकातच आहे, ती म्हणजे न दिसणाऱ्यावर मारायचं तर तो कुठे आहे हे आधी माहीत असायला हवं. लपला नसेल तर आवाजावरून चौकोन कळतो असं धरतो, लपला असेल तर खेळाडूने चौकोन सांगायचा, आणि चुकीचा सांगितला तर डाइस काही का पडेना, बाण वाया. धुक्याचा गैरफायदा एवढ्यानेच आपोआप कमी होतो, वेगळा घरचा नियम करायची गरज पडत नाही.

लपून मारलं की लागो न लागो, जागा उघडी पडते. दर टर्नला परत लपावं लागेल, आणि परत लपायला आडोसा लागेल.

आता आडवं पडलेल्याचं बघू. प्रोन असलेल्यावर पाच फुटांच्या आतून मारलं तर अॅडव्हान्टेज, लांबून मारलं तर डिसअॅडव्हान्टेज. आपला फायटर (लढवय्या) प्रेमाने शत्रूला धक्का देऊन पाडतो आणि पुढची टर्न रेंजरची (धनुष्यवालीची) असते, तिचा बाण त्याच्यामुळे कठीण होतो. नियमात बदल करू नका, खेळाडूंना एकमेकांशी बोलायला लावा, आधी बाण मग धक्का. तसंच बुटक्या भिंतीमागे मुद्दाम आडवं पडणं ही खरोखर चांगली युक्ती आहे, पडायला काही खर्च नाही, उठायला निम्मी चाल जाते, तुमच्या गॉब्लिनना पण ती शिकवा. फक्त आडवा पडलेला स्वतः मारतो तेव्हा त्याच्या रोलला पण डिसअॅडव्हान्टेज असतं.

अंगाला कोण खेटलंय

हा संवाद प्रत्येक टेबलावर झालेला असतो.

"मी त्या वरच्या शामनवर मारतेय, तो पन्नास फुटावर आहे, मला कसलं डिसअॅडव्हान्टेज?"

"अगं तुझ्या शेजारच्या चौकोनात लांडगा आहे ना."

"पण मी लांडग्यावर मारतच नाहीये!"

नियम निशाण्याबद्दल नाहीये, तुमच्याबद्दल आहे. तुमच्या पाच फुटांत कोणीही शत्रू असेल, तो तुम्हाला बघू शकत असेल आणि तो इनकॅपॅसिटेटेड (काही करू न शकणारा) नसेल, तर तुमच्या कुठल्याही रेंज्ड हल्ल्याच्या रोलला डिसअॅडव्हान्टेज, निशाणा कोणी का असेना. त्यातल्या दोन्ही अटी कामाच्या आहेत. लांडग्याला झोपवलंय, सुन्न केलंय, किंवा तुम्ही अदृश्य आहात, तर काही अडचण नाही, खुशाल मारा. आणि मित्र बाजूला उभा असेल तर त्याने काहीच बिघडत नाही.

इथे तीन रस्ते असतात. मागे सरकायचं आणि लांडग्याचा ऑपॉर्च्युनिटी अटॅक (टप्प्यातून बाहेर जाताना बसणारा फुकट वार) अंगावर घ्यायचा. डिसएंगेज करायचं (तो वार न घेता निघायचं), पण त्यात अॅक्शन (टर्नमधलं मुख्य काम) जाते म्हणजे बाण नाहीच. किंवा धनुष्य बाजूला ठेवून डॅगर काढायचा. नवीन खेळाडू तिसऱ्याचा विचारच करत नाहीत, चांगली रॉगसुद्धा (चोरटेपणाने लढणारी) लांडग्याला खेटून क्रॉसबोच झाडत बसते. डीएमने आठवण करून द्यावी, त्यात काही कमीपणा नाही.

हा नियम फक्त हल्ल्याच्या रोलला आहे. म्हणून फायर बोल्टला लागतो, कारण तो रेंज्ड स्पेल अटॅक आहे. सेक्रेड फ्लेमला लागत नाही, कारण तिथे समोरचा सेव्ह (बचावाचा डाइस) टाकतो. मॅजिक मिसाइलला लागत नाही, तिथे रोलच नाही. विझर्ड किंवा क्लेरिक (दोघंही जादू वापरणारे) कोंडीत सापडला की त्याच्या कॅरेक्टर शीटवर सेव्हवाले स्पेल वेगळे खुणा करून ठेवलेले असले तर खूप सोयीचं जातं.

आणि एक जुनी सवय. मित्र शत्रूशी भिडलेला असताना त्या झटापटीत बाण मारायचा तर उणे चार, हा ३.५ एडिशनचा नियम होता, तिथे प्रिसाइज शॉट नावाचं फीट (कॅरेक्टरने घ्यायचं खास कौशल्य) घेऊन तो घालवायचा असायचा. पाचव्यात तो नाहीच. पाचव्यात मित्र तुमच्या वाटेत आला तर तो कव्हर देतो, एवढंच.

मध्ये काय आहे

आता खरा मुद्दा. मी अगदी मनापासून सांगतो, लांबून मारणाऱ्यांमुळे लढाई एकतर्फी होते अशी तक्रार ज्या ज्या टेबलावर ऐकू येते तिथे एकदा बघा, कव्हर लावलं जातंय का. बहुतेक वेळा डीएम विसरलेला असतो.

अर्धं कव्हर म्हणजे एसी ला आणि डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्हला अधिक २. पाऊण कव्हर म्हणजे अधिक ५. पूर्ण झाकला गेला असेल तर थेट निशाणा करताच येत नाही. दोन आडोसे असले तर बेरीज नाही, जो जास्त तोच धरायचा. अर्ध्या कव्हरमध्ये बुटकी भिंत, मोठं फर्निचर, बारीक झाड येतं आणि जिवंत माणूस पण येतो, मग तो मित्र असो की शत्रू. हेच ते वाक्य जे सगळे विसरतात. गॉब्लिनच्या समोर तुमचा स्वतःचा बार्बेरियन उभा असेल तर गॉब्लिनचा एसी दोनने वाढला.

आपल्याकडे किल्ले सगळ्यांनी बघितलेले असतात त्यामुळे पाऊण कव्हर समजवायला मला कधी त्रास होत नाही. बुरुजाच्या जंगीमागे बसलेला माणूस, बाहेरून त्याचं काय दिसतं, एक पट्टा, तेच पाऊण कव्हर. चर्येच्या आडून कमरेच्या वर दिसणारा पहारेकरी, ते अर्धं. आणि तटाच्या मागे खाली बसला, पूर्ण. माझ्या सध्याच्या कॅम्पेनमध्ये (चालू कथेत) खाडीकाठचा एक पडका किल्ला आहे, आजूबाजूला तिवरांचं रान, तिथे खेळाडू स्वतःच विचारतात की मी तिवराच्या मागे गेले तर किती मिळेल.

ग्रिडवर खेळत असाल तर डंजन मास्टर्स गाइडमध्ये २०१४ सालीच एक पद्धत दिलीये आणि ती वापराच. मारणाऱ्याच्या चौकोनाचा एक कोपरा निवडा, तिथून निशाण्याच्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना रेषा काढा. एक किंवा दोन रेषा अडल्या तर अर्धं कव्हर. तीन किंवा चार अडल्या पण बाण तरी जाऊ शकत असेल तर पाऊण. कोपरा कोणी निवडायचा, आम्ही मारणाऱ्याला निवडू देतो, तो माणूस डोकं बाहेर काढून बरी जागा शोधणारच. आमच्याकडे मिनी (छोट्या बाहुल्या) कमी आहेत, कॅरमच्या सोंगट्या चालतात, काळ्या शत्रू पांढऱ्या आपण, आणि शिवणाच्या डब्यातला रिळाचा दोरा ठेवलाय. शंका आली की दोऱ्याचं एक टोक कोपऱ्यावर बोटाने दाबायचं आणि दुसरं टोक एकेका कोपऱ्यावर ताणून न्यायचं, दोरा सोंगटीच्या चौकोनातून गेला की अडला. सगळ्यांना दिसतं, वाद नाही. शंका नसेल तेव्हा दोरा काढू नका, डीएमने नजरेने सांगावं, अर्धं, आणि पुढे.

याचा परिणाम किती होतो ते आकड्यात बघा, कारण लोकांना वाटतं दोनने काय होतंय. पाचव्या लेव्हलचा फायटर, डेक्स्टेरिटी १८ म्हणून अधिक ४, प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस) ३, आर्चरी फायटिंग स्टाइलचे (धनुष्याची खास शैली) २, एकूण अधिक ९. समोर साधा गॉब्लिन, एसी १५. त्याला ६ किंवा वर पडायला हवं, म्हणजे ७५ टक्के. मध्ये मित्र आला, एसी १७, झाले ६५ टक्के. गॉब्लिन जंगीमागे गेला, एसी २०, झाले ५० टक्के. आता उघड्यावरच्या गॉब्लिनवर पण डिसअॅडव्हान्टेजने मारलं तर ७५ चे साधारण ५६ होतात. अर्धं कव्हर आणि डिसअॅडव्हान्टेज दोन्ही असेल तर ४२. पाऊण आणि डिसअॅडव्हान्टेज, २५. म्हणजे तोच फायटर, तोच गॉब्लिन, तोच धनुष्यबाण, आणि चारात तीन वेळा लागण्यापासून चारात एकदा लागण्यापर्यंत सगळं फक्त कोण कुठे उभं आहे यावर. एवढ्यासाठीच कव्हर विसरू नका म्हणतोय.

कव्हर नेहमी हल्ला जिथून निघतो ती जागा आणि तुम्ही यांच्या मध्ये हवं. टेबलामागे लपलात पण धनुर्धारी मागच्या दारातून आला तर टेबल काही कामाचं नाही. आणि सेक्रेड फ्लेमच्या सेव्हला कव्हरचा फायदा मिळत नाही असं त्या स्पेलमध्येच लिहिलंय, क्लेरिकवाल्यांनी हे लक्षात ठेवावं, जंगीमागच्या माणसावर तोच वापरावा.

मित्र मध्ये होता आणि बाण चुकला, मग मित्राला लागला का? साध्या नियमात नाही. त्याच गाइडमध्ये एक ऐच्छिक नियम आहे, कव्हर नसतं तर लागला असता इतपत रोल आला असेल तर बाण कव्हरला लागतो, आणि कव्हर म्हणजे माणूस असेल व रोल त्याच्या एसी पेक्षा जास्त असेल तर त्याला. मला तो आवडतो पण सगळ्यांची संमती असेल तरच लावा, कारण मित्राच्या हातून मेलेलं कॅरेक्टर हा चेष्टेचा विषय नाही, लोक महिनोन्महिने जीव लावून ते कॅरेक्टर वाढवतात.

नेमकं कशाने मारतोय

इथे शब्द शांतपणे वाचावे लागतात. नियमात कुठे रेंज्ड वेपन लिहिलंय आणि कुठे रेंज्ड अटॅक, आणि ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धनुष्य, क्रॉसबो, गोफण, डार्ट ही रेंज्ड वेपन. डॅगर, हँडअॅक्स, जॅव्हलिन ही मेली (जवळून मारायची) वेपन, फेकली की रेंज्ड अटॅक होतो पण शस्त्र मेलीच राहतं. एवढं धरून ठेवलंत की पुढची बहुतेक उत्तरं आपोआप निघतात.

आर्चरी स्टाइलचे दोन कशाला? रेंज्ड वेपनने केलेल्या हल्ल्याला. मग फेकलेल्या डॅगरला नाही, डार्टला आहे. रॉगच्या स्नीक अटॅकचा जादा डॅमेज कशाला? फिनेस (स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी मर्जीने वापरता येणारं) किंवा रेंज्ड वेपनला. डॅगर फिनेस आहे म्हणून फेकला तरी चालतो, हँडअॅक्स फिनेस पण नाही आणि रेंज्ड वेपन पण नाही, म्हणून फेकून स्नीक अटॅक होत नाही. फेकायच्या मेली शस्त्राला तीच अॅबिलिटी लागते जी हातात धरून मारताना लागली असती, म्हणून जॅव्हलिन स्ट्रेंग्थवर, डॅगर तुमच्या मर्जीवर. बार्बेरियनच्या रेजचा (रागाच्या भरातला) जादा डॅमेज २०१४ मध्ये फक्त मेली अटॅकला होता, जॅव्हलिन फेकली की मिळायचा नाही, २०२४ मध्ये स्ट्रेंग्थवर केलेल्या हल्ल्याला मिळतो, म्हणजे फेकलेल्या जॅव्हलिनला पण. बार्बेरियन खेळणाऱ्यांनी हा बदल आवर्जून वाचावा, लांबच्या शत्रूपुढे ते बिचारे हात चोळत बसायचे.

फेकायची शस्त्रं काढण्यावरूनही घोळ होतो. २०१४ मध्ये टर्नला एकच वस्तू फुकट हाताळता येते, म्हणून दोन हल्ले असलेला माणूस दोन जॅव्हलिन कंबरेवरून काढून फेकू शकत नाही, एक आधीच हातात असेल तर गोष्ट वेगळी. २०२४ मध्ये थ्रोन शस्त्र काढणं हल्ल्यातच धरलंय. जुने नियम खेळत असाल तरी हा नवीन नियम उचला, कोणाचं काही बिघडत नाही.

क्रॉसबोच्या पुढे लोडिंग लिहिलेलं असतं, म्हणजे एका अॅक्शनमध्ये एकच बाण, हल्ले कितीही असोत. पाचव्या लेव्हलच्या फायटरला क्रॉसबो आवडतो म्हणून घेऊ देण्याआधी त्याला हे सांगा, लाँगबोवर तो दोनदा मारेल आणि क्रॉसबोवर एकदाच, क्रॉसबो एक्सपर्ट फीट नसेल तर. ते फीट लोडिंग काढून टाकतं आणि खेटलेल्या शत्रूचं डिसअॅडव्हान्टेज पण काढतं. २०१४ मध्ये ते दुसरं काम कुठल्याही रेंज्ड हल्ल्याला चालायचं, अगदी एल्ड्रिच ब्लास्ट ह्या स्पेलला सुद्धा, २०२४ मध्ये फक्त क्रॉसबोला. शार्पशूटर हे फीट पण बदललंय, उणे पाच घेऊन डॅमेजला अधिक दहा हा प्रकार २०२४ मध्ये गेला, लांबच्या पल्ल्याचं डिसअॅडव्हान्टेज न लागणं आणि अर्धं-पाऊण कव्हर न मोजणं हे दोन्हीकडे आहे. शार्पशूटरवाला टेबलावर असेल तर दोरा तुमच्या शत्रूंसाठी आणि बाकीच्या खेळाडूंसाठी ठेवा, त्याच्यासाठी फक्त पूर्ण कव्हर बघा. त्याने फीट खर्च केलंय, ते त्याला पूर्ण मिळू द्या, मागच्या दाराने काढून घेऊ नका.

हेवी शस्त्र लहान आकाराच्या कॅरेक्टरला, म्हणजे हाफलिंग, नोम वगैरे, २०१४ मध्ये डिसअॅडव्हान्टेज देतं, आणि लाँगबो हेवी आहे. २०२४ मध्ये आकार गेला, डेक्स्टेरिटी १३ पेक्षा कमी असेल तर डिसअॅडव्हान्टेज.

निकाल डाइसच्या आधी

डीएमसाठी एकच आग्रह. आकडा पडल्यावर कव्हर आठवलं तर सोडून द्या, ह्या वेळेपुरतं नाही लावायचं. खेळाडूने अठरा बघून हात वर केलेत आणि तुम्ही म्हणता अरे थांब, मध्ये तो होता, हे फार लागतं मनाला. उलट टर्नच्या सुरुवातीलाच सांगा, तो अर्ध्या कव्हरमध्ये आहे आणि तुझ्या बाजूला लांडगा आहे, काय करतेस? मग ती चार चौकोन डावीकडे जाईल, किंवा दुसरा निशाणा धरेल, किंवा म्हणेल असू दे, मारतेच. तिन्ही निर्णय तिचे आहेत आणि तिन्हीत खेळ आहे. न आठवलेला नियम पुस्तकात शोधायला लागलात तर मिनिटभर बघा, नाही सापडला तर डीएमने ठरवावं, कागदावर लिहून ठेवावं आणि सेशन संपल्यावर नीट वाचून ग्रुपवर टाकावं, पुढच्या वेळी तसं.

पाथफाइंडर सेकंड एडिशन ह्या दुसऱ्या खेळावरून आलेला कोणी असेल तर त्याच्याशी जरा सबुरीने घ्या, त्याच्या डोक्यात वेगळी यंत्रणा आहे. तिथे रेंज इन्क्रिमेंट (पल्ल्याचा टप्पा) असतं, पहिल्याच्या पुढे प्रत्येक टप्प्याला उणे २, सहा टप्प्यांपर्यंत. तिथे लाँगबोला तीस फुटांच्या आत मारताना उणे २ असतात. मध्ये माणूस असेल तर लेसर कव्हर, अधिक १. आणि रिअॅक्टिव्ह स्ट्राइक असलेल्या शत्रूच्या शेजारी उभं राहून बाण सोडला की तो तुम्हाला मारतो. पाचव्या एडिशनमध्ये बाण सोडला म्हणून कोणी फुकट वार करत नाही, फक्त त्याच्या टप्प्यातून बाहेर गेलात तर करतो.

राहता राहिले बाण. भात्यात वीस मावतात. बाण काढणं हल्ल्यातच येतं, त्याचा वेगळा हिशेब नाही. लढाई संपल्यावर एक मिनिट शोधलंत तर वापरलेल्यांपैकी निम्मे परत मिळतात, सात मारले असतील तर तीन. बरेच ग्रुप हे मोजत नाहीत आणि शहरातल्या कथेत नाही मोजलं तरी चालतं, पण आठवडाभर जंगलात किंवा खाडीपलीकडे जायचं असेल तेव्हा मोजाच, शीटच्या कडेला पेन्सिलीने रेघा मारल्या की झालं. आणि ते एक मिनिट म्हणजे दहा राउंड (सगळ्यांची एकेक टर्न म्हणजे एक राउंड) असतात हे विसरू नका, किल्ल्याच्या दरवाजात पहिली टोळी पडलीये, आत ढोल वाजायला लागलाय, आता बाण वेचायचे की आत घुसायचं ते खेळाडूंना विचारा, आणि वेचायचे म्हणाले तर आतली टोळी त्या दहा राउंडांत कुठपर्यंत आली ते मॅपवर सरकवत राहा.